बोट लागणे आणि रोग लागणे

चंद्रपूरच्या माणसाने आगबोटीवर लेख लिहावा हे जरा विचित्रच दिसेल. आपल्या गावाहून कोणत्याही दिशेला निघा, चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. वर्धा आणि वैनगंगा आपले पाणी प्राणहितेच्या हवाली करतात, प्राणहिता ते गोदावरीला देते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात नेऊन टाकते. एवढाच काय तो आपला आणि समुद्राचा संबंध. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. काका कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. पुण्याच्या मुलाने हौसेने दोघांची मुंबई-गोवा अशी जहाजाची तिकिटे काढली. तीन रात्रींची सहल, जहाजावरच राहणे, जेवणे, गाणे-बजावणे. काकूंनी मला दारात गाठून विचारले, "काहून रे, तू एवढी पुस्तकं वाचतोस. त्या बोटीवर बिमारी लय पसरते म्हणतात, खरं आहे का?"

"पाहून सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे खरोखरच वाचावयास बसलो. जे हाती लागले ते काकूंच्या प्रश्नापेक्षा बरेच मोठे निघाले.

आरंभ आपल्या भाषेतल्याच एका शब्दप्रयोगापासून करतो. जहाज हलू लागले की मळमळते, डोके गरगरते, उलटी होते. ह्याला आपण 'बोट लागणे' म्हणतो. एस. टी.च्या घाटातल्या प्रवासात जी 'गाडी लागते' तिचीच ही थोरली बहीण. हा रोग नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय "आपण हलतो आहोत" असे सांगते आणि डोळे "खोलीच्या भिंती तर स्थिर आहेत" असे सांगतात. ह्या दोन साक्षीदारांच्या भांडणात पोट बिचारे सापडते. एकाची बोट लागणे दुसऱ्याला लागत नाही.

परंतु जहाजावर उलट्यांचे आणखी एक कारण असते आणि ते मात्र एकाचे दुसऱ्याला लागते. त्याचे नाव नोरोव्हायरस. अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचे गाव आहे. तेथील एका शाळेत १९६८ साली मुलांना व शिक्षकांना उलट्या-जुलाबांची साथ आली. १९७२ साली त्या साथीच्या नमुन्यांतून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू प्रथम दिसला. गावाच्या नावावरून विषाणूचे नाव पडले. शरीरात शिरल्यावर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत तो आपले काम सुरू करतो. एकाएकी जोराची उलटी, जुलाब, पोटात कळा, अंगात कणकण. दोनतीन दिवसांत धडधाकट माणूस उठून बसतो. म्हातारी माणसे व लहान मुले मात्र शरीरातले पाणी कमी होऊन खरोखरच संकटात पडतात.

आता गंमत पाहा, अर्थात गंमत म्हणवत नाही. पहिल्या रात्री उलटी झालेला प्रवासी स्वतःशी म्हणतो, "बोट लागली." खोलीतला सोबतीही तेच म्हणतो. तो तोंड धुतो, लिंबू चोखतो आणि सकाळी जरा बरे वाटताच न्याहारीला जातो. तेथे बुफेची पद्धत असते. म्हणजे एकच डाव हजार हातांतून फिरतो. ह्या विषाणूचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी रोग होण्यास पुरेसे असतात. कठड्यावर, दाराच्या मुठीवर, लिफ्टच्या बटणावर ते कित्येक दिवस तग धरतात. त्यातून, करोनाच्या काळात आपण सगळे ज्या हातावर चोळण्याच्या द्रवाला देव मानू लागलो, त्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारसा जुमानत नाही. त्याच्यावर साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय चुलीजवळ न येऊ देणारी आपली आजी ह्या बाबतीत नव्या युगाच्या पुढे होती.

ह्यावरून जहाज हे काही विशेष घाणेरडे ठिकाण असते असे कोणी समजू नये. उलट चांगल्या जहाजावर जेवढी पुसापुशी चालते तेवढी आपल्या कोणत्याही मंगल कार्यालयात चालत नसेल. फरक मोजणीचा आहे. अमेरिकेने १९७५ सालापासून आपल्या बंदरांना येणाऱ्या प्रवासी जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी सुरू केली. तेथील नियमानुसार जहाजावरील तीन टक्के प्रवाशांना किंवा तीन टक्के कर्मचाऱ्यांना जुलाब-उलट्या झाल्या की ती साथ म्हणून जाहीर होते. शंभरात तिघे! चैत्रात आपल्या महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसांचे लोंढे येतात, झरपटीच्या काठी राहतात, स्वयंपाक करतात, परत जातात. त्यांतील शंभरात कितीजणांचे पोट बिघडले हे कोण मोजतो? यात्रेकरू चौथ्या दिवशी आपल्या गावी आजारी पडतो आणि त्याचा आजार त्या गावच्या खात्यावर जमा होतो. जहाजावरचा मनुष्य मात्र जहाजावरच आजारी पडतो. म्हणून जहाजाचे नाव होते.

तरीसुद्धा जहाजात काही खास गोष्ट आहेच. दोनतीन हजार माणसे, त्यांत पुष्कळ उतारवयाची, निरनिराळ्या मुलखांतून आलेली; तीच जेवणघरे, तेच नाट्यगृह, तोच जिना. प्रवासी आठवड्याने बदलतात पण कर्मचारी तेच राहतात. एका खेपेच्या रोगाचे बीज पुढच्या खेपेला पोहोचविणारे पूल म्हणजे हे कर्मचारी. ते खालच्या मजल्यांवर, बिनखिडकीच्या लहान खोल्यांत दोघे-चौघे मिळून राहतात. ह्या खालच्या मजल्याची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

जहाज आणि रोग ह्यांचे नाते जुने. 'क्वारंटाईन' हा शब्दच मुळी बंदरावर जन्मला. एड्रिॲटिक समुद्रावरील रागुसा ह्या बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर राहण्याचा हुकूम काढला. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन भाषेतील चाळीस ह्या संख्येवरून हा शब्द रूढ झाला. कल्पना साधी होती. आत रोग असेल तर तो आतच जळून जाऊ द्यावा, किनारा वाचवावा. पण 'आत' कोण असतात, हा प्रश्न त्या हुकुमात नाही.

तो प्रश्न मॉरिशसच्या किनाऱ्यावर अत्यंत भयंकर रीतीने पुढे आला. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आपल्या देशातून गिरमिटिया मजूर तिकडे जात. कोकणातूनही, विशेषतः रत्नागिरीकडून, पुष्कळ कुटुंबे गेली. मॉरिशसमध्ये आज मराठी मंडळी आहेत ती त्यांचीच नातवंडे-पणतवंडे. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून निघालेली दोन जहाजे तेथे पोहोचली. जहाजांवर पटकी, म्हणजे कॉलरा, असल्याचा संशय होता. मॉरिशसने ह्याआधी पटकीचे तडाखे खाल्ले होते, त्यामुळे तेथील लोक घाबरलेले. मजुरांना बंदरात न घेता गॅब्रिएल नावाच्या लहानशा ओसाड बेटावर उतरविण्यात आले. धड निवारा नाही, पुरेसे पाणी नाही, पावसाळी वादळांचे दिवस. तेथे पावणेतीनशेहून अधिक माणसे मेली. किनारा वाचविण्याच्या नादात ह्या माणसांचे काय होते आहे हे पाहण्यास कोणी गेले नाही. हिंदुस्थान सरकारने त्यानंतर मॉरिशसला मजूर पाठविणे काही काळ बंद केले, एवढा बोभाटा झाला.

मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हाजच्या बोटींची कथा ह्याच जातीची. १८६५ साली मक्केत पटकीने हजारो यात्रेकरू मेले आणि ती साथ पुढे युरोपात शिरली. युरोपची राष्ट्रे जागी झाली, परिषदा भरल्या, आणि १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना अडवून ठेवू लागले. त्यासाठी वर शुल्कही त्यांच्याकडूनच घेत. आयुष्यभराची पुंजी बांधून निघालेल्या गरीब माणसाला हे किती जड जात असेल ते सांगावयास नको. मुंबईहून हाजला बोटीने जाण्याची ही प्रथा १९९५ पर्यंत टिकली.

आणि मग १८९६. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत, बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. हाँगकाँगमध्ये १८९४ पासून प्लेग होता. तेथून तो जहाजांतून आला असावा असे मानले जाते. सरकारने बंदरांवर आणि रेल्वे स्थानकांवर माणसांची तपासणी सुरू केली. बगला चाचपल्या, सामान उकडले, संशयितांना छावणीत घातले. उंदीर मात्र जहाज बांधलेल्या दोरावरून निवांतपणे उतरत होते, त्यांना कोणी हटकले नाही! उंदरावरची पिसू प्लेग पसरविते हे पॉल लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखविले, तेव्हा कोठे दोरांकडे लक्ष गेले. आजही बंदरातल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल थाळ्या अडकविलेल्या दिसतात, त्या उंदरांसाठी.

परंतु मला ह्या प्रकरणातून घ्यावयाचे आहे ते निराळेच. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. घरे तपासली जाऊ लागली आणि लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कोठीत, शेजारच्या गावी. पुण्यात रँडच्या कारकीर्दीत काय झाले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला हे आपण शाळेतच शिकलो. इतिहासाच्या तासाला आपण ती हकिगत देशभक्तीची म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण रोगाच्या बाजूने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. आजारी असणे हा गुन्हा ठरला की आजार दिसेनासा होतो आणि दिसेनासा झालेला आजार अधिक पसरतो.

"हे सारे मुंबई-पुण्याचे; आमच्या चांद्याला त्याचे काय?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९१८ सालात आहे. पहिले महायुद्ध संपत आले होते. मेच्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबई बंदरात आले आणि त्यातून इन्फ्लुएंझा शहरात शिरला, असे मुंबईचे तत्कालीन आरोग्य अधिकारी टर्नर ह्यांचे मत होते. १० जूनला काही पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात आले, त्यांतील एक गोदीवर पहाऱ्याला होता. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन आली. आपल्याकडे ह्या तापाला मानमोडी म्हणत. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महागले होते, माणसे आधीच अर्धपोटी. देशभरात मेलेल्यांचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. त्यात सर्वांत अधिक फटका बसलेल्या प्रांतांपैकी मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक होता, आणि चांदा जिल्हा त्याच मध्यप्रांतात. गोदीपासून इथपर्यंत रोगाला आणले आगगाडीने. वरोऱ्याकडून येणारी मोठी गाडी आणि नागभीडची छोटी गाडी, दोन्ही तेव्हा चालू होत्या. तिसऱ्या वर्गाचा डबा आणि जहाजाचा खालचा मजला ह्यांत रोगाच्या दृष्टीने काय फरक? समुद्र दूर असला तरी बंदर दूर नसते.

शंभर वर्षांनी, २०२० साली, तेच नाटक नव्या पडद्यासमोर झाले. 'डायमंड प्रिन्सेस' नावाचे आलिशान जहाज. २० जानेवारीला जपानच्या योकोहामाहून निघाले. खोकला असलेला एक प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरून गेला. १ फेब्रुवारीला त्याला करोना असल्याचे निष्पन्न झाले. ३ तारखेला जहाज योकोहामाला परतले आणि ५ तारखेपासून चौदा दिवस सर्वांना आत बंद करण्यात आले. एकूण माणसे ३७११. त्यांतील ७१२ जणांना लागण झाली आणि तेरा-चौदा दगावले. २० फेब्रुवारीपर्यंत ज्या ६३४ जणांच्या तपासणीत रोग निघाला, त्यांतल्या ३२८ जणांना तपासणीच्या वेळी काहीच होत नव्हते. ताप नाही, खोकला नाही! ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याने काय लपवावे आणि काय सांगावे?

आता खालच्या मजल्याकडे वळू. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते. पण त्यांच्या दारात जेवणाचे ताट कोण ठेवीत होते? कर्मचारी. चौदा दिवसांची ती बंदी कर्मचाऱ्यांना खऱ्या अर्थाने लागूच नव्हती. ते स्वयंपाक करीत, ताटे वाहत, एकत्र जेवत आणि दोघे-दोघे एका खोलीत झोपत. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले प्रवासी अवघे सहा; उरलेले १३२ कर्मचारी, त्यांत मुंबईकडील मंडळीही होती. त्यांच्यापैकी काहींनी "आम्हाला वेगळे काढा" अशी कळवळून विनंती करणारी चित्रफीत पाठविली, ती अनेकांना आठवत असेल. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय दिल्लीला परत आले आणि पुन्हा चौदा दिवस अलग राहिले. ज्यांना लागण झाली होती ते जपानच्या रुग्णालयांत राहिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'मॅरेला डिस्कव्हरी' नावाचे प्रवासी जहाज मुंबईबाहेर नांगर टाकून उभे होते. त्यावर दीडशेच्या आसपास भारतीय खलाशी, त्यांत पुष्कळ गोव्याचे. किनारा डोळ्यांना दिसतो आहे पण उतरता येत नाही, अशा अवस्थेत ते परवानगीची वाट पाहत होते. ती मिळाली, पण घरच्या लोकांना बरीच ओरड करावी लागली.

आणि काकू ज्या वाटेने जाणार होत्या त्याच मुंबई-गोवा वाटेवर, जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात, नवीन वर्ष साजरे करण्यास निघालेल्या 'कॉर्डेलिया'च्या जहाजावरील सुमारे दोन हजार लोकांची गोव्यात तपासणी झाली तेव्हा ६६ जण करोनाग्रस्त निघाले. जहाज मुंबईला परतले. सहलीची मजा तेथेच संपली.

मला ह्या सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे. जहाजावर रोग पसरतो तो दाटीमुळे. पण तो वेळेवर ओळखला जात नाही तो भयामुळे. प्रवाशाला वाटते, सांगितले तर खोलीत कोंडतील आणि पैसे फुकट जातील. कर्मचाऱ्याला वाटते, सांगितले तर पुढचा करार मिळणार नाही. कप्तानाला वाटते, सांगितले तर पुढचे बंदर दार लावून घेईल. प्रत्येकाचे भय खरे आहे, कोणी मुद्दाम दुष्टपणा करीत नाही. जहाजावरचा पिवळा बावटा एके काळी 'येथे रोग आहे' अशा अर्थाने ओळखला जाई. आज तोच साधा पिवळा बावटा लावणारे जहाज म्हणते, 'आम्ही निरोगी आहोत, बंदरात येण्याची मोकळीक द्या.' खूण तीच, अर्थ उलटा. माणसांचाही कल असाच असतो.

हे समजावयास समुद्रावर जाण्याची जरूर नाही. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते. आमच्या वसतिगृहात एका मित्राचे डोळे प्रथम लाल झाले. "घरी पाठवतील, हजेरी बुडेल," ह्या भीतीने तो चार दिवस काळा चष्मा लावून वावरला. आम्ही त्याला सिनेमातला नट म्हणून चिडवीत होतो. आठवड्याने सारा मजला काळे चष्मे लावून बसला! त्याला दोष देणारे पुष्कळ निघाले. हजेरीच्या नियमाला कोणी दोष दिला नाही.

असो. काकूंना मी शेवटी जे सांगितले ते असे. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि उतारवयात जी फ्लूची लस सुचविली जाते ती विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या. विम्यात आजारपणामुळे बुडालेली सहल धरली आहे का ते मुलाला तपासावयास सांगा. जेवणाआधी साबणानेच हात धुवा, द्रवाच्या बाटलीवर विसंबू नका. शिजलेले गरम अन्न घ्या, कापून ठेवलेली फळे टाळा. गरम पाण्याच्या सामुदायिक हौदाचा मोह धरू नका. त्या कोमट पाण्याच्या तुषारांतून न्यूमोनियाचा एक प्रकार होतो, १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात तो प्रथम ध्यानात आला आणि पुढे जहाजांवरही आढळला. आणि उलटी झालीच तर "बोट लागली" असे स्वतः ठरवू नका, जहाजावरच्या डॉक्टरला सांगा.

काकूंनी हे सर्व मनावर घेतले. पहिल्याच रात्री त्यांना दोनदा उलटी झाली आणि त्यांनी रीतसर जाऊन सांगितले. डॉक्टरांनी नम्रपणे, पण ठामपणे, शेवटच्या उलटीपासून अठ्ठेचाळीस तास खोलीत राहण्यास सांगितले. जेवण दारात येत असे. गोवा त्यांनी खिडकीतून पाहिला. नंतर त्रास झाला नाही; बहुधा बोटच लागली असावी, पण ते आता कोणालाच सांगता येणार नाही. काका मात्र अजून मला रस्त्यात भेटले की म्हणतात, "तुझ्या त्या वाचण्यापायी आमचे पैसे गेले गा. सांगायलाच नाही पाहिजे होतं तिनं."

दारात ताट ठेवणारा मुलगा नाशिककडचा होता, असे काकू सांगतात. त्याने तोंडाला फडके बांधलेले असे आणि तो दोन पावले मागे सरून उभा राहत असे. काकूंनी त्याला विचारले, "बाबू, तुझी तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "हो मावशी, आम्हाला बरीच ठेवावी लागते."